पाठकोरा कागद

पंचवटी, नाशिक
९ जून २०२५

चि. पल्लवी हिस,

'चि.' लिहिलं आणि थांबले. पुढे 'सौ.' लिहायचं की नाही, मला ठाऊक नाही, आणि विचारायचा हक्कही उरलेला नाही. सहा वर्षांनी सासूचं पत्र बघून तू ते तसंच फाडशील, म्हणून पाकिटावर माझं नाव घातलेलं नाही. अक्षरावरून ओळखशीलच. तू आमच्या घरात होतीस तेव्हा माझी अंगणवाडीची रजिस्टरं तूच रेघा मारून द्यायचीस.

फोन करता आला असता. पण माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, आणि दुसरं म्हणजे बोलताना मला खोटं फार पटकन सुचतं. लिहिताना जरा वेळ लागतो.

काम असं आहे. तू माहेरी निघून गेलीस, त्यानंतर लासलगावला तुमच्या ओसरीवर बैठक झाली. तिथे तुझ्या वडिलांनी, चिमाजीरावांनी, सगळ्यांसमोर एक कागद धरला होता. संगमनेरच्या डॉक्टरांचा, ललितच्या नावाचा, सन २०१५ चा. वर डॉक्टरांचं छापील नाव, खाली गोळ्यांची नावं. पाठकोरा कागद होता, एवढा मला आठवतो. तुला तो कुठे सापडला हे मला आजवर कळलेलं नाही. तो अजून तुमच्याकडे असेल तर मला हवा आहे. एका सरकारी कामाला लागतो आहे.

ललित बरा आहे. मीही बरी आहे. पुढच्या वर्षी मला पासष्ट पूर्ण होतील आणि अंगणवाडी सुटेल. पोरांच्या कलकलाटाशिवाय घरात कसं बसायचं, हाच काय तो प्रश्न.

त्या बैठकीत मी काय बोलले ते तू विसरली नसशील. त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. सध्या कागदाचं तेवढं बघ.

लंकाबाई
(ललितची आई)


३० जून २०२५

चि. पल्लवी,

तीन आठवडे झाले. उत्तर नाही. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं. तरी लिहिते, कारण मागच्या पत्रात 'ललित बरा आहे' असं लिहिलं ते खोटं आहे. बघ, लिहितानाही जमतं मला.

ललित कामावर जात नाही. अंबडच्या कंपनीतून त्याला काढलं ते तू असतानाच. त्यानंतर दोन ठिकाणी लागला, दोन्हीकडून महिन्याच्या आत घरी आला. संगमनेरचे डॉक्टर वारले, मग मधली दोन वर्षं गोळ्याच बंद झाल्या. आता तो मोरीतला नळ चालू ठेवून बसतो. पाण्याच्या आवाजात त्याचे ते आवाज ऐकू येत नाहीत म्हणे. अंघोळीसाठी मला मागे लागावं लागतं. ताट पुढे केलं तर जेवतो, नाही केलं तर मागत नाही. गेल्या वर्षीपासून सरकारी रुग्णालयातल्या गोळ्या सुरू केल्या आहेत.

मी आहे तोवर ताट पुढे होईल. मला पेन्शन नाही, तुझ्या सासऱ्यांच्या माघारी दुसरं काही नाही. म्हणून त्याचं दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं आहे. मनाच्या आजारालाही ते मिळतं. चाळीस टक्के भरले तर निराधार योजनेतून दर महिन्याला मदत सुरू होते, आणि मी गेल्यावरही ती त्याच्याच नावाने चालू राहील. माझ्या जिवाला तेवढीच एक खुंटी आहे.

आता हस. हे काम माझ्या हातचं आहे. आमच्या वस्तीतल्या सात जणांची प्रमाणपत्रं मी काढून दिली. कोणत्या खिडकीवर आधी जायचं, अर्ज ऑनलाइन कुठे भरायचा, डॉक्टरांचा बोर्ड कोणत्या वारी बसतो, सगळं मला पाठ. दरवर्षी घरोघर सर्वेक्षण करते, त्यात 'कुटुंबातील दिव्यांग व्यक्ती' असा रकाना असतो. आमच्या घराचा क्रमांक त्रेचाळीस. अकरा वर्षं मी त्रेचाळीसपुढे 'निरंक' लिहीत आले.

मे महिन्यात ललितला बोर्डापुढे नेलं. आदल्या दिवशी न्हाव्याकडे नेऊन दाढी, केस. नखं मी काढली. तुला बघायला आलो होतो तेव्हाचा निळा शर्ट त्याला अजून होतो, तो इस्त्री करून घातला. आणि आठवडाभर त्याच्याकडून उत्तरं घोकून घेतली. वार कोणता, महिना कोणता. झोप लागते का? लागते. स्वतःचं स्वतः करतोस का? करतो. कुणाशी भांडण? नाही. आवाज ऐकू येतात का? नाही. अंगणवाडीत पोरांकडून बडबडगीतं म्हणून घेते त्या चालीत म्हणून घेतलं.

मला सरकारकडून त्याला आजारी म्हणवून घ्यायचं होतं, आणि चार माणसांत तो आजारी दिसायलाही नको होता. या दोन गोष्टी एका वेळी होत नाहीत, हे मला त्या खुर्चीत बसेपर्यंत सुचलं नाही. सवयच तशी पडली होती.

एक उत्तर मात्र मी शिकवलं नव्हतं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, "गोळ्या कसल्या घेता?" ललित म्हणाला, "अशक्तपणाच्या." तिने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

शेवटी दुसरे डॉक्टर म्हणाले, "मुलगा छान बोलतो हो तुमचा." आणि पल्लवी, मला आनंद झाला. तिथे, त्या वेळी, छाती भरून आली माझी. मुलगा परीक्षेत पहिला आल्यासारखी बसले होते. मग बाई म्हणाल्या, "मावशी, तुमच्याकडे कागद आठ महिन्यांचेच आहेत. आणि हा असा बोलतो. यावर चाळीस टक्के कसे भरायचे? आधीचं काही असेल तर घेऊन तीन महिन्यांनी या. आणि येताना याला असं सजवून आणू नका."

आधीचं सगळं मी लग्नाच्या आधी बंबात घातलं. तुमच्या माणसांच्या हाती लागू नये म्हणून. एकच कागद कसा राहिला कोण जाणे, आणि तो तुझ्याकडे आहे. बैठकीत तोच कागद पाहून मी म्हणाले होते, "हा आमच्या ललितचा नाहीच. दुसऱ्या कुणाचा आणून आमच्या माथी मारताय." आता तोच कागद ललितचा आहे असं सांगायला मला तो हवा आहे. लाज वाटते. पण मागते.

आमच्या मदतनीस तानुबाईला तू ओळखतेस. तिला मी पहिल्यांदाच सगळं सांगितलं, तर म्हणते, "मला काय नवीन नाय बाई, बारा वर्षं बघते मी. लोकांच्या पोरांचे कागद तुम्ही हिंडून हिंडून काढले, नि सोताच्या पोराचे जाळले. लिवा त्या पोरीला. लय झाली लपवालपवी."

म्हणून लिहिलं.

लंकाबाई


१८ जुलै २०२५

चि. पल्लवी,

तुझं पत्र मिळालं. तीन वाक्यांचं का होईना, मिळालं. मायना 'लंकाबाईंना' असा आहे, 'आई' नाही, ते योग्यच आहे.

"कागद माझ्याकडे आहे. त्या लोहाच्या बाटलीत काय होतं ते तुमच्या हाताने लिहून पाठवा. मग कागद देईन."

आता एवढ्या वर्षांनी बाटलीचं काय घेऊन बसलीस? अंगणवाडीत गरोदर बायांना वाटायला लोहाच्या गोळ्या येतात, त्यांची ती बाटली. त्यात लोहाच्या गोळ्याच असणार. ललितला अशक्तपणा होता म्हणून तो घ्यायचा. तुझंही रक्त कमी भरलं होतं, सिस्टरने तुला गोळ्या घ्यायला सांगितलं होतं, मग तूही त्यातल्या घेतल्यास तर त्यात काय बिघडलं? तुला झोप यायची ती रक्त कमी असल्यामुळे. बाजार समितीजवळ एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात तू काम करतेस, सगळं चांगलं चाललं आहे, असं कानावर आहे. मग जुनं उकरून कुणाचं भलं होणार आहे?

ललितची पुढची तारीख सप्टेंबरमध्ये आहे. कागद रजिस्टर पोस्टाने पाठव.

आजची टपालपेटी उघडून झाली. हे पत्र उद्या टाकते.

लंकाबाई


१९ जुलै २०२५

पल्लवी,

कालचं पत्र टाकलं नाही. फाडणार होते, पण तेही यातच घालते आहे. तू बाटलीबद्दल विचारल्यावर माझ्या हातून आधी काय लिहिलं गेलं, ते तुला दिसू दे.

त्या बाटलीत ललितच्या डोक्याच्या गोळ्या होत्या. पट्टीतून सोडवून मीच त्यात भरायचे. पट्टीवर नाव असतं, आणि तू शिकलेली, मोबाईलवर बघितलं असतंस. लोहाच्या गोळ्या लाल असतात, या पांढऱ्या. "नवीन आल्यात," असं मी तुला सांगितलं होतं. तुला आठवत असेल.

पोळ्यानंतर सिस्टरने तुझं रक्त तपासलं आणि लोहाच्या गोळ्या घे म्हणाली. घरात बाटली होतीच. तू त्यातूनच घ्यायला लागलीस, रोज रात्री दोन.

मी महिन्याच्या गोळ्या मोजून भरायची. तिसऱ्या दिवशीच मला बाटली हलकी लागली. मोजल्या, सहा कमी. तू घेते आहेस, हे मला त्याच वेळी कळलं. आता हे नीट वाच, कारण दुसऱ्यांदा लिहायचा धीर माझ्यात नाही. मला कळलं आणि मी गप्प बसले. तुला सांगायचं म्हणजे गोळ्या कसल्या ते सांगायचं, म्हणजे ललितचं सगळंच सांगायचं. आज सांगू, उद्या सांगू, बाटली गुपचूप उचलून ठेवू, असं करत आणखी आठ दिवस गेले. उचलली असती तर तू विचारलं असतंस, बाटली कुठे गेली. एवढ्या एका प्रश्नाला घाबरून मी तुला आठ दिवस त्या गोळ्या घेऊ दिल्या.

सकाळी नऊ वाजले तरी तू उठत नव्हतीस. दूध उतू जायचं आणि तू ओट्याशी उभी राहून बघत राहायचीस. शेजारणींना मी हसत हसत सांगायची, "आमची सून म्हणजे महाराणी, सूर्य डोक्यावर आल्याशिवाय डोळे उघडत नाही." अकराव्या दिवशी जिन्याच्या पायरीवरून तू पडलीस आणि उजवा हात मोडला. तुला प्लास्टर घालून आणलं, त्याच संध्याकाळी मी बाटली बदलली. खऱ्या लोहाच्या गोळ्या भरून जागच्या जागी ठेवली. चार-पाच दिवसांत तू पहिल्यासारखी झालीस, तेव्हा म्हणालीस, "आई, मला त्या दिवसांत काय झालं होतं कळतच नाही." मी म्हणाले, "दृष्ट लागली असेल," आणि मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या.

बैठकीत मी एवढ्यावर थांबले नाही. कागद आमचा नाही म्हणाले ते म्हणालेच, वर तुझ्याकडे बोट दाखवून बोलले, "दिवसा झोपते, उभ्या उभ्या पडते, डोक्यात फरक हिच्याच आहे. आमच्या पोराला बदनाम करताय." माझा भाऊ बारकू, तुमचे काका, मध्यस्थ, सगळे ऐकत होते. तू एक अक्षर बोलली नाहीस. मला वाटलं, तुझ्याकडे बोलायला काही नाही.

सोडचिठ्ठी झाल्यावर निफाडहून एक माणूस स्थळ म्हणून तुझ्या चौकशीला आमच्याकडे आला होता. हे तुला माहीत नसेल. त्याला मी वाईट काहीच सांगितलं नाही. "आम्हाला नका विचारू बाबा," एवढंच म्हणाले. पण ते म्हणताना तोंड असं केलं, की त्याने चहाही घेतला नाही.

झालं लिहून. माझ्याच हाताने लिहिलं आहे, खाली पूर्ण नाव लिहिते. हे तू कुणालाही दाखव. कागद दिलास तर ललितची उपकारकर्ती म्हणून तुझं नाव घेईन. नाही दिलास तरी हे पत्र परत मागणार नाही.

माफ कर असं लिहिणार होते. पण कागद मागणाऱ्या पत्रात माफी मागितली तर ती कागदासाठीच मागितल्यासारखी होते. म्हणून आज नाही.

लंकाबाई कारभारी शिरसाठ


१२ सप्टेंबर २०२५

पल्लवी,

तुझं पाकीट मिळून महिना होत आला. आज लिहिते, कारण आधी बोर्ड होऊ द्यायचा होता.

पाकिटातून आधी कागद काढला. संगमनेरच्या डॉक्टरांचं नाव, ललितचं नाव, तारीख, सगळं जसंच्या तसं. वाटलं, सुटलो. मग घडी घालताना तो उलटला.

पाठकोरा नव्हता तो. मागे माझं अक्षर होतं, निळ्या शाईतलं.

मला हे खरंच आठवत नव्हतं, यावर तुझा विश्वास बसो न बसो. अंगणवाडीत आम्ही कागद वाया घालवत नाही, हाताला लागेल त्याच्या मागे लिहितो. तुला बघायला यायच्या आदल्या दिवशी मी ललितला उत्तरं काढून दिली होती. नोकरी? कायम आहे. तब्येत? चांगली. झोप लागते का? लागते. कुणाशी भांडण? नाही. कसल्या गोळ्या? लोहाच्या, अशक्तपणाच्या. आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून: 'हसून बोलायचं. विचारतील तेवढंच.'

मे महिन्यात बोर्डासाठी मी त्याच्याकडून जे घोकून घेतलं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. त्या दिवशी डॉक्टरीण बाईंना त्याने न शिकवलेलं एक उत्तर दिलं असं मी तुला लिहिलं होतं. तेही मीच शिकवलेलं निघालं.

तुझी चिठ्ठी नंतर वाचली. "बघायला आले होते त्या निळ्या शर्टाच्या खिशात सापडला, धुवायला टाकताना. बैठकीत उलटा केला नाही, कारण ते समोर बसले होते."

त्या दिवशी तुमच्या ओसरीवर मी एवढी तोंड वर करून बोलत होते, आणि तुझ्या वडिलांच्या हातातला कागद नुसता उलटा करायचा अवकाश होता. सगळ्यांनी माझं अक्षर ओळखलं असतं. बारकूच्या घरी माझी पत्रं जायची. तू तिथे बसून तो कागद बघत होतीस, आणि तुलाच वेडी ठरवणाऱ्या बाईचं ऐकत होतीस. समोर ललित मान खाली घालून बसला होता, त्याच्यासाठी तू ते सगळं अंगावर घेतलंस. मला वाटलं होतं, तुझ्याकडे बोलायला काही नाही.

ललितला मी कागद दाखवला. त्याने पुढची बाजू पाहिली नाही. मागची बाजू पाहिली आणि कागद माझ्याकडे देऊन, नळ बंद करून, सगळी उत्तरं ओळीने म्हणून दाखवली. एक चुकलं नाही. मग म्हणाला, "आई, हे खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. पल्लवीला मी सांगणार होतो. तू म्हणालीस विचारतील तेवढंच, आणि तिने विचारलंच नाही." थोड्या वेळाने विचारलं, "तिचा हात जुळला का नीट?" मी त्याला काय सांगणार? मलाही माहीत नाही.

परवा बुधवारी बोर्ड झाला. दाढी केली नाही, रोजचा सदरा. रिक्षातून जाताना तो एवढंच म्हणाला, "आज काय सांगायचं?" मी म्हणाले, "जे असेल ते." त्याला ते अवघड गेलं. भाजीबाजारापासून रुग्णालयापर्यंत पुन्हा पुन्हा विचारत होता, "पण काय म्हणायचं?"

कारकुनाने झेरॉक्स बघून सांगितलं, "मावशी, पुढच्या बाजूचीच लागते, मागची कशाला काढली?" म्हटलं, "राहू द्या, दोन्ही लावा." डॉक्टरीण बाईंनी आधी पुढची बाजू वाचली, मग मागची. "हे कुणी लिहिलं?" मी म्हणाले, "मी. लग्नाच्या वेळी, मुलीच्या माणसांना फसवायला." तिथे आणखी चार जण होते. बाई रागावल्या नाहीत, मला बाहेर बसायला सांगितलं. अर्धा तास मी बाकावर होते. दाराआडून ललितचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. माझ्याशिवाय इतका वेळ तो कुणाशी बोललेला मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पंचावन्न टक्के. मी दहावीला तेवढ्याच टक्क्यांनी पास झाले होते, तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते. या पंचावन्नांचं काय करायचं ते कळेना, तिथेच बाकावर रडले. ललितने मला हाताला धरून जिना उतरवला. निराधारचा अर्ज काल तहसीलला दिला. त्रेचाळीस नंबरपुढे आता 'एक' लिहिलं आहे, नावासकट.

आता माफी मागते, कारण आता तुझ्याकडून काही हवं नाही. माफ कर, पल्लवी. करू नाही शकलीस तर तेही बरोबर.

बारकूला मी सगळं सांगितलं आहे. बैठकीला होते त्या सगळ्यांना येत्या रविवारी त्याच्या घरी बोलावलंय. तिथे मी उभी राहून, तेव्हा तुझ्याबद्दल जे बोलले ते खोटं होतं आणि तुझ्या झोपेचं कारण काय होतं, ते सांगणार आहे. निफाडच्या माणसाचा पत्ता काढून त्यालाही पत्र घातलं आहे. तू यावंस असं काही नाही.

मूळ कागद यासोबत परत पाठवते आहे. आमचं काम झेरॉक्सवर भागलं. तो तुझ्याकडेच असू दे. तुला वाटेल तेव्हा, वाटेल त्याच्यापुढे उलटा कर, ललित समोर बसलेला असला तरी. मी त्याला विचारलं, तर तो "करू दे" म्हणाला.

लंकाबाई